बंदूक, चोक आणि काडतूस: टर्कीच्या शिकारीविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत टर्की या पक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला हंगाम एप्रिल-मे महिन्यांत असतो आणि त्याच्या आधी तिकडे स्थायिक झालेल्या गोवेकरांच्या घरून आम्हाला पत्रे येतात. या वेळी ती इतकी आली की हे सदर त्यांनाच दिले आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट असू दे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. खालचा सल्ला, जिथे शिकारीला परवाना मिळतो आणि हंगाम ठरलेला असतो, तिथल्यासाठी आहे. घरच्या परवान्याच्या बंदुकीबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे इथल्या कायद्याला धरून दिली आहेत.

प्रश्न : मुलगा पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे. ऑफिसातल्या मित्रांनी त्याला मे महिन्यात टर्कीच्या शिकारीला बोलावले आहे. दुकानदार म्हणतो साडेतीन इंची काडतुसाची बारा बोर घे, मित्र म्हणतात तीन इंची पुरे. एकदाच घ्यायची, तर कोणती घ्यावी?
— एक वाचक, म्हापसा

पक्ष्यापासून सुरुवात केली तर निवड सोपी होते. पोर्तुगीजमध्ये ज्याला ‘पेरू’ म्हणतात, नाताळात काही घरांत ताटावर येतो, तो पाळीव टर्की आणि हा रानटर्की जातीने एकच. पण रानातला नर सडपातळ, चपळ आणि विलक्षण तीक्ष्ण नजरेचा. वजन सात ते अकरा किलो. छातीवर जाड स्नायू आणि त्यावर कौलांसारखी एकावर एक बसलेली पिसे. छर्रे तिथे लागले तर पक्षी बहुधा जखमी होऊन निसटतो आणि कुठल्यातरी झुडपात तडफडून मरतो. म्हणून टर्कीवर बार टाकायचा तो फक्त डोक्यावर आणि मानेवर. मेंदू अक्रोडाएवढा, मानेचे मणके बोटभर रुंदीचे. पिसे संपून उघडी लाल कातडी जिथे सुरू होते, त्या रेषेवर माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) धरायची, म्हणजे छर्‍यांचा वरचा भाग डोक्याला आणि खालचा मानेला मिळतो.

एवढ्याशा लक्ष्यात चार-पाच छर्रे हमखास बसायचे तर फैलाव दाट हवा. तिकडचे रूढ मोजमाप असे : ज्या अंतरावरून बार टाकणार, त्या अंतरावर दहा इंच व्यासाच्या वर्तुळात शंभर छर्रे पडले पाहिजेत. बंदूक, तिच्या तोंडाचा चोक (नळीचे तोंड आतून आवळणारा तुकडा) आणि काडतूस हे तिघे मिळून तो आकडा गाठतात. त्यातली बंदूक हा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे, आणि दुकानात पैसे नेमके तिच्यावरच जास्त खर्च होतात.

आता तीन की साडेतीन. तीन इंची बारा बोरच्या काडतुसात पावणेदोन औंस, म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅम शिसे बसते. अमेरिकी ५ नंबरचे (नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक) ते साधारण ३०० छर्रे. साडेतीन इंचीत सव्वादोन औंस बसते, म्हणजे सुमारे ३८०. हे काडतूस १९८८मध्ये बाजारात आले, तेव्हा जड शिसे हाच एक मार्ग होता. आज तसे नाही, कारण टंगस्टनचे छर्रे आले (त्यांच्याविषयी खाली). शिवाय सव्वातीन किलोच्या बंदुकीतून साडेतीन इंची उडवले तर खांद्याला बसणारा धक्का हरणाच्या साध्या रायफलीच्या दुपटीहून जास्त असतो. तिसऱ्या बारानंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटून खांदा मागे घेऊ लागतो. नव्या माणसाला ही सवय एकदा लागली की सुटायला वर्ष जाते. मुलाने तीन इंची चेंबरची (काडतूस बसते ती नळीतली जागा) बारा बोर घ्यावी. मित्रांचे बरोबर आहे.

बनावटीत पंप ॲक्शन, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची, घ्यावी. रेमिंग्टन ८७० (१९५०पासून) आणि मॉसबर्ग ५०० या दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, सुटे भाग कुठेही मिळणाऱ्या. फरक सेफ्टीत आहे. मॉसबर्गची सेफ्टी दस्त्याच्या सुरुवातीला, वरच्या बाजूला अंगठ्याखाली असते, डावखुऱ्यालाही सारखीच सोयीची. रेमिंग्टनची चापाच्या मागे आडवी ढकलायची असते. ऑटोमॅटिक घ्यायचीच असेल तर गॅसवर चालणारी घ्यावी, ती धक्का थोडा खाते. इनर्शियावर, म्हणजे धक्क्याच्याच जोरावर चालणाऱ्या बंदुकीत एक खोच आहे. पहाटेच्या अंधारात आवाज नको म्हणून शिकारी बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) हाताने हळूच पुढे सोडतो, बोल्टचे तोंड पूर्ण वळत नाही, कुलूप लागत नाही. मग नर समोर येतो, चाप ओढला की नुसते ‘टक’. बोल्ट हळू सोडला असेल तर नंतर हँडल अंगठ्याने पुढे दाबून पाहावे.

नळी चोवीस इंचांपर्यंतची पुरे. लांब नळीने फैलाव दाट होतो हा समज खोटा आहे, ते काम चोकचे. झाडाला टेकून बसल्यावर आखूड नळी फांद्यांत अडकत नाही. बंदूक चकचकीत नको, आणि खांद्याला अडकवायचा पट्टा लावायला कड्या हव्यात, कारण चालणे खूप असते.

पेनसिल्व्हेनियात वसंताच्या हंगामात छातीवर दाढी, म्हणजे केसांसारखा लोंबणारा पिसांचा झुपका असलेलाच पक्षी मारता येतो, आणि पहिल्या टप्प्यात शिकार दुपारी १२ वाजता थांबते. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकारीच्या शिक्षणाचा कोर्स करावा लागतो. तो आधी होऊ द्या, बंदूक नंतर.

प्रश्न : पुतण्याने बंदुकीबरोबर ‘एक्स्ट्रा फुल टर्की’ असा चोक आणि तीन कंपन्यांची काडतुसे आणली. कागदावर मारून बघायचे असे वाचले, पण नेमके काय आणि किती बघायचे?
— एक वाचक, वास्को

पुतण्या योग्य मार्गावर आहे. बारा बोरच्या नळीचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. फुल चोक तो तोंडाशी जवळजवळ एक मिलिमीटरने आवळतो, टर्की चोक दीड ते पावणेदोनने. जास्त आवळले की जास्त दाट, असे एका मर्यादेपर्यंतच खरे. त्यापुढे मऊ शिशाचे छर्रे चोकमध्ये एकमेकांवर दाबून चपटे होतात, आणि चपटा छर्रा सरळ जात नाही. कागदावर मध्ये भोक आणि कडेने छर्रे असे दिसले तर चोक त्या काडतुसाला फार आवळ आहे, एक पायरी सैल लावावा.

कागद मोठा हवा, तीन फूट चौरस तरी. पार्सलचा तपकिरी कागद चालतो. मधोमध ठळक ठिपका काढायचा. वर्तुळ आधी काढायचे नाही, बार झाल्यावर जिथे सर्वांत दाट छर्रे दिसतील तिथे दहा इंचांचे वर्तुळ काढायचे. मग दोन गोष्टी वेगवेगळ्या समजतात : वर्तुळात किती, आणि वर्तुळाचा मध्य ठिपक्यापासून किती सरकला. पहिली चोक आणि काडतुसाची, दुसरी माशीची किंवा नेमाची.

पहिले दोन बार स्वस्त, हलक्या काडतुसांचे, वीस यार्डांवरून, टेबलावर वाळूच्या पिशवीत बंदूक टेकवून. नेम कुठे जातो एवढेच त्यांतून पाहायचे. ते जमले की शिकारीचे काडतूस, प्रत्येक कंपनीचे तीन-तीन, चाळीस यार्डांवरून. एकाच बारावर निर्णय घ्यायचा नाही, बाराबारांत पंधरा-वीस छर्‍यांचा फरक सहज पडतो. बार बसून टाकावेत. उभ्याने धक्का कमी जाणवतो हे खरे, पण रानात बार बसूनच टाकायचा आहे. कानाला संरक्षण, डोळ्याला चष्मा. बारांच्या मध्ये नळी निवू द्यावी, आणि प्रत्येक तिसऱ्या बारानंतर चोक हाताने घट्ट आहे का पाहावे. सैल चोकवरून बार गेला की चोकचा काठ फुगतो आणि तो नळीतच रुतून बसतो.

चाळीसवर शंभर भरले नाहीत तर पस्तीसवर मोजावे. तिथे भरले तर पुतण्याची मर्यादा पस्तीस, तीस असेल तर तीस. बंदूक बदलायची गरज नाही, मादीचा आवाज काढून पक्षी जवळ बोलावायचा. दोन क्रिकेटच्या खेळपट्ट्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर चव्वेचाळीस यार्ड होतात. मैदानावर ते अंतर डोळ्यांत मुरवून घेतले तर रानात फसगत कमी होते. झाडांमधून अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून जागेवर बसताच चारी बाजूंची एकेक खूण, एखादा बुंधा किंवा दगड, मोजून ठेवावी.

प्रश्न : मुलाच्या बंदुकीने कागदावर चाळीस यार्डांत १३० छर्रे पाडले. प्रत्यक्षात नर पंधरा यार्डांवर आला आणि पूर्ण चुकला. दुकानदार काडतुसाला दोष देतो. खरे काय?
— एक वाचक, फोंडा

काडतूस निर्दोष आहे. चाळीसवर एवढा दाट पडणारा फैलाव पंधरावर जेमतेम एका पेल्याच्या तोंडाएवढा असतो, दहावर मुठीएवढा. म्हणजे तेवढ्या अंतरावर ही बंदूक जवळजवळ रायफल आहे आणि रायफलीसारखाच नेम मागते. आणि टर्कीचे डोके एका जागी राहत नाही. चालताना ते प्रत्येक पावलाला पुढे-मागे होते, पिसारा फुलवलेला असताना मान छातीत ओढलेली असते. पक्षी थांबून मान उंच करील तेव्हाच बार. तोंडाने एकदा ‘टक’ असा आवाज काढला की तो बहुधा थांबतो.

दुसरे कारण जास्त घडते. साध्या बंदुकीला पुढे एकच माशी असते, मागची निशाणी म्हणजे नेम धरणाऱ्याचा डोळाच. पक्षी नीट दिसावा म्हणून शिकारी गाल दस्त्यावरून किंचित उचलतो. डोळा सहा मिलिमीटर वर गेला आणि माशी डोळ्यापासून तीन फुटांवर असेल, तर वीस यार्डांवर बार सुमारे बारा सेंटिमीटर वर जातो. पंधरावर नऊएक सेंटिमीटर. पेल्याएवढा फैलाव डोक्यावरून निघून जायला तेवढे पुरते. चुकलेला टर्की बहुतेकदा डोक्यावरून चुकलेला असतो.

उपाय दोन. एक, पुढे-मागे दोन्ही निशाण्या किंवा बंदुकीवर बसणारा लहान रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी नेमाची दुर्बीण). झाडाला टेकून अंग वेडेवाकडे वळलेले असताना गाल नीट बसत नाही, आणि रेड डॉटमध्ये डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी ठिपका जिथे तिथेच बार जातो. मात्र तो ठेंगण्या बैठकीवर बसवावा, उंच बसवला की गाल पुन्हा हवेत. दोन, कागद दहा, वीस आणि तीस यार्डांवरही मारून पाहावा. मुलाने चाळीसचाच पाहिला असणार, बहुतेक जण तेवढाच पाहतात.

प्रश्न : मुलगी चणीने लहान आहे, बारा बोरचा धक्का सोसवत नाही. वीस बोर किंवा चारशे दहा बोरने टर्की पडेल का?
— एक वाचक, मडगाव

पडेल, आणि निर्धास्त पडेल. (वीस बोरची नळी बारापेक्षा बारीक, चारशे दहाची त्याहूनही.) दहा-बारा वर्षांपूर्वी याला आम्ही ‘वीस ठीक, चारशे दहा नको’ असे उत्तर दिले असते. टंगस्टनच्या छर्‍यांनी ते बदलले. शिशाची घनता ११च्या आसपास, या टंगस्टन मिश्रधातूची १८. जड धातूचा बारीक छर्रा मोठ्या शिशाच्या छर्‍याइतका आत शिरतो. म्हणून तिकडे ९ नंबरचा, जेमतेम दोन मिलिमीटरचा छर्रा टर्कीसाठी वापरतात. एका औंसात तो ३६०च्या घरात बसतो, तर शिशाचा ५ नंबर फक्त १७०. तीन इंची चारशे दहाच्या काडतुसात तेरा-सोळांश औंस एवढाच माल मावतो, तरी तो २९०हून जास्त छर्रे झाला. म्हणजे बारा बोरच्या जुन्या शिशाच्या काडतुसाच्या बरोबरीचा.

अडचण पैशांची. अशा एका काडतुसाला दहा डॉलरच्या आसपास पडतात. पण टर्कीच्या हंगामात बार पडतात ते एक किंवा दोन. सराव स्वस्त शिशाच्या काडतुसाने करावा आणि टंगस्टनची तीन-चार कागदासाठी ठेवावीत. ही पायरी पैसे वाचवायला टाळू नये, कारण टंगस्टनचा फैलाव आणि नेम शिशाहून वेगळा पडतो. चोकही टंगस्टन चालेल असे स्पष्ट लिहिलेला असावा. हे छर्रे पोलादाहून कठीण असतात.

दोघांत आमची पसंती वीस बोरला. चारशे दहाची बंदूक इतकी हलकी असते की नेम डगमगतो, आणि टंगस्टन नसेल तेव्हा ती टर्कीसाठी कामाची राहत नाही. वीसमध्ये शिसेही तीस यार्डांपर्यंत काम देते.

दस्त्याची लांबी बोरइतकीच महत्त्वाची आहे. मुलीने कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या खोबणीत टेकवावा. तर्जनीचे पहिले पेर चापावर आरामात पोचले तर लांबी ठीक. पोचत नसेल तर ‘यूथ’ दस्ता बसवून घ्यावा. लांब दस्त्यात माणूस मागे झुकतो, गाल सुटतो आणि धक्का दुप्पट वाटतो.

प्रश्न : घरात वडिलोपार्जित बारा बोर दुनळी आहे, शेतसंरक्षणाच्या परवान्यावर. ओंटारियोतला भाऊ सांगतो, तिथे अशाच दुनळीने टर्की मारतात. आपली बंदूक त्या तोडीची आहे का? आणि आपला चार नंबर म्हणजे त्यांचाही चारच का?
— एक वाचक, डिचोली

नंबर सारखे नाहीत. आपल्याकडचे छर्‍यांचे नंबर इंग्रजी पद्धतीचे आहेत. आपला ४ नंबर ३.१ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ अमेरिकी ५. अमेरिकी ४ मात्र ३.३चा. तिकडे बऱ्याच ठिकाणी ४हून मोठा छर्रा टर्कीसाठी बंद आहे, कारण झुडपात दुसरा शिकारी असू शकतो आणि मोठा छर्रा लांब जातो. फोनवर भावाशी बोलताना नंबराऐवजी मिलिमीटर बोलावे.

दुनळीने टर्की मारता येतो. बहुधा उजवी नळी थोडी मोकळी आणि डावी आवळ असते, म्हणजे दोन अंतरांसाठी दोन चोक तयार. अडचण एवढीच की दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी मारतीलच असे नाही. एक दोन बोटे उजवीकडे, दुसरी वर, असे पुष्कळ दुनळींत दिसते. हेही कागदच सांगतो.

तुमच्या बंदुकीविषयी एक काळजीची गोष्ट आहे. पत्रात ती ‘आजोबांच्या वेळची’ असे लिहिले आहे. पोर्तुगीज काळापासून घरात आलेली युरोपी बंदूक असेल तर नळीखालच्या खुणा वाचून घ्याव्यात. अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ अशी अक्षरे असतील तर ती बेल्जियममधल्या लिएजच्या तपासणीची खूण. अशा बंदुकांची चेंबर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरची असते, आणि आज बाजारात मिळते ते काडतूस बहुधा ७०चे. धोका असा की ते ७०चे काडतूस त्या चेंबरमध्ये काहीच न अडता बसते. कारण काडतुसाची छापलेली लांबी ही उडाल्यानंतरची असते, त्याआधी तोंडाची घडी आत दुमडलेली असते. बार उडताना ती घडी पुढे उघडायला जागा मागते, जागा नसते, ती नळीच्या निमुळत्या भागात घुसते, आणि माल तिच्यातून रेटला जातो. दाब धोक्याच्या पातळीवर जातो. एका बारात कदाचित काही होणार नाही, दहाव्यात सांधा ढिला होईल, कधीतरी नळी फाटेल. नळीवर पट्ट्या पिळल्यासारखी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस नळी. तिच्यात आजच्या धूरविरहित दारूचे काडतूस घालूच नये. परवानाधारक शस्त्र-कारागिराकडून चेंबर मोजून घ्या.

परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. वाटण्यांत तिसरी नावावर आली असेल तर ती ठेवून चालत नाही.

प्रश्न : कुळागरात मोर आणि रानडुकरे धुमाकूळ घालतात. शेतसंरक्षणाचा परवाना असताना छर्‍यांनी मारले तर गुन्हा होतो का?
— एक वाचक, वाळपई

होतो. शेतसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. मोर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, त्याबाबत कसलाच विचार करू नये. रानडुकरासाठी पिकांच्या नुकसानीच्या कारणाने त्याच कायद्याच्या कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते, पण ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देतो आणि ती आधी हवी. सत्तरीत आणखी एक गोष्ट लागू होते : म्हादई अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने कलम ३४प्रमाणे वनखात्याकडे नोंद केलेली असावी लागते, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणे वेगळा गुन्हा आहे. नुकसानीचा पंचनामा त्याच दिवशी मागावा. तो उशिरा झाला तर खुणा पावसात धुऊन जातात.

प्रश्न : मुलगा पहिल्यांदाच जाणार आहे. जीव थाऱ्यावर नाही. हरणाच्या शिकारीला नारिंगी जाकीट घालतात, टर्कीला म्हणे घालत नाहीत. मग काळजी कशी घ्यायची?
— एक आई, काणकोण

तुमची काळजी योग्य जागी आहे. टर्कीला रंग चांगले दिसतात, म्हणून शिकारी पालापाचोळ्यासारख्या कपड्यांत बसतो, आणि तोच धोका आहे. शिवाय तो मादीचा आवाज काढत असतो. दूरवरचा दुसरा शिकारी त्या आवाजावर येऊ शकतो.

मुलाला एवढे सांगा. लाल, पांढरा आणि निळा रंग अंगावर कुठेही नको : टोपी, मोजे, रुमाल, बनियनची गळ्याशी दिसणारी पट्टी, काही नाही. नराच्या डोक्याचे रंग तेच. बसायचे ते खांद्यांहून रुंद आणि डोक्याहून उंच बुंध्याला पाठ लावून, मागून येणारा बार झाड घेते. नराचा आवाज ऐकून त्याच्याकडे सरपटत जायचे नाही. तो आवाज माणसाचाही असू शकतो. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवायचा नाही, शिटी वाजवायची नाही, टर्कीचा आवाज तर मुळीच नाही. बसल्या जागी, न हलता, मोठ्याने ‘थांबा, इथे माणूस आहे’ असे त्यांच्या भाषेत ओरडायचे. खोटी मादी जमिनीवर मांडायची असेल तर ती अशा रेषेत नको की तिच्यावर टाकलेला बार आपल्याकडे येईल. मारलेला पक्षी खांद्यावरून नेताना नारिंगी पिशवीत घालायचा, आणि जागा बदलताना नारिंगी टोपी घालायची.

आणि चाप ओढण्यापूर्वी दाढी दिसली पाहिजे. लाल डोके दिसले एवढ्यावर बार नको.

प्रश्न : भाच्याच्या बंदुकीचा चोक नळीत अडकला आहे, किल्लीने फिरत नाही. इथे घरची बंदूकही पावसाळ्यात गंजते. काय करावे?
— एक वाचक, पेडणे

चोकच्या आट्यांत प्लॅस्टिकच्या वॅडचा (काडतुसात छर्‍यांखाली असते ती वाटी) थर आणि गंज बसला आहे. जोर लावला तर किल्ली खाचा खाऊन टाकील. नळी बंदुकीवरून उतरवून, तोंड खाली करून, आट्यांच्या सांध्यात पेनिट्रेटिंग तेल सोडावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी किल्ली आधी घट्ट करायच्या दिशेला केसभर, मग सोडवायच्या. तरी हलला नाही तर कारागीर. पुढे दर हंगामाआधी चोक काढून आट्या पितळी ब्रशने साफ कराव्यात आणि अँटी-सीझ ग्रीसचा पातळ हात द्यावा.

आपल्या पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या किंवा कापडी कव्हरात ठेवणे हीच मुख्य चूक. कव्हर दमट हवा धरून ठेवते आणि जिथे ते टेकते तिथे गंजाचे ठिपके उठतात. कपाटात उभी, नळीचे तोंड खाली, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. दर पंधरा दिवसांनी काढून तेलाच्या फडक्याने पुसायची, आणि हात लागलेली प्रत्येक जागा शेवटी. माणसाच्या घामातले मीठ लोखंडाला पावसाहून लवकर खाते.

प्रश्न : मुलगी आणि जावई एच-वन-बी व्हिसावर आहेत. त्यांना तिकडे बंदूक घेता येते का? डिसेंबरात ती गोव्याला येणार आहेत.
— एक वाचक, पर्वरी

नेमके उत्तर बघा, कारण इथे चूक झाली तर व्हिसाच धोक्यात येतो. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. काही अपवाद आहेत, त्यांतला कामाचा हा : कुठल्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. म्हणजे क्रम ठरलेला आहे. आधी शिकारीचा कोर्स, मग शिकार परवाना, आणि तो हातात आल्यावरच बंदूक. मित्राची बंदूक घेऊन रेंजवर जाणे हेही बाळगणेच धरले जाते. परवान्याची मुदत संपली की घरातली बंदूक त्या दिवसापासून बेकायदा होते, म्हणून नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये लावून ठेवावी. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात आय-९४चा (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीचा) क्रमांक विचारतात, आणि पार्श्वभूमी तपासणी होते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

डिसेंबरच्या प्रवासाबद्दल. तिकडची बंदूक इथे आणायचा विचार नको. पण बंदुकीहून जास्त माणसे अडकतात ती एका विसरलेल्या काडतुसाने. दाबोळी असो की मोपा, सामानात जिवंत काडतूस सापडले तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात, मग ते चुकून राहिलेले का असेना. उडालेले रिकामे काडतूसही तपासणीत अडवले जाते आणि विमान सुटते. टर्कीच्या शिकारीचे जे जाकीट असते त्याला दहा-बारा खिसे असतात : काडतुसांचे, चोकच्या किल्लीचे, मागे पक्षी ठेवायचा मोठा. तीच पाठीवरची बॅग किंवा तेच जाकीट हंगामाबाहेर प्रवासाला वापरले जाते आणि अस्तराच्या शिवणीत एखादे काडतूस उतरलेले असते. मुलीला सांगा, शिकारीची बॅग वेगळी ठेवायची, तिकडेच. आणि जी बॅग घेऊन यायची, ती निघायच्या आदल्या दिवशी उलटी करून, प्रत्येक खिशात हात घालून पाहायची.